चार नंबरच्या उशाशी असलेलं बेसिन

माझ्या नणंदेचं आणि माझं एकाच गोष्टीवर एकमत आहे. ‘तुमचं बरोबर होतं’ हे वाक्य आम्ही दोघी एकमेकींना कधीच म्हणत नाही. ओला टॉवेल उन्हात वाळवावा की सावलीत, पाहुणे आल्यावर पंखा किती जोरात लावावा, असल्या गोष्टींवरून शब्दाला शब्द वाढतो आणि माझा नवरा, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, चपला अडकवून पाव आणायला बाहेर पडतो. आमच्या घरात पाव कधी कमी पडलेला नाही.

त्या कोर्टात लघुलेखक होत्या. जन्मभर लोकांचं बोलणं शब्दशः उतरवून घेतलं, त्यामुळे ‘मी असं म्हणालेच नव्हते’ ही पळवाट त्यांच्यापुढे चालत नाही. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर आमच्या वरच्या खोलीत राहायला आल्या. मी त्यांना वन्सं म्हणते. हल्ली असं कुणी म्हणत नाही, पण पहिल्या दिवशी मी चिडवायला म्हणून म्हटलं आणि त्यांनी लगेच ओ दिली, तेव्हापासून तेच राहिलं.

मी हॉस्पिटलमध्ये संसर्ग नियंत्रणाची सिस्टर आहे. म्हणजे एका पेशंटचे जंतू दुसऱ्यापर्यंत जाऊ नयेत म्हणून दिवसभर लोकांच्या मागे फिरायचं. मला पाठीमागे ‘हातधुणी’ म्हणतात. मोठमोठे सर्जन मला कॉरिडॉरमध्ये पाहिलं की खिशातले हात बाहेर काढतात. मला याचा राग नाही, थोडा अभिमानच आहे. पूर्वी आयसीयूत एकच बेसिन होतं, दाराजवळ, आणि तिथपर्यंत जायचा सगळ्यांना कंटाळा. प्रत्येक खाटेच्या उशाशी बेसिन हवं म्हणून मी अक्षरशः हात धुवून लोकांच्या मागे लागले. चकरा मारल्या, भांडले, मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटला, आणि बेसिनं बसली. पांढरी, गुळगुळीत, कोपरानं उघडायच्या नळाची. बसली त्या दिवशी मी एकेक नळ उघडून पाहिला होता.

त्याच आयसीयूत तो जंतू शिरला.

जंतू तसा आतड्यात राहणाऱ्यांपैकीच, पण अँटिबायोटिक्सना दाद न देणारा. कपाटातली औषधं एकामागून एक द्यावीत आणि त्यानं काहीच झालं नाही असं वागावं. पहिले सापडले चार नंबरच्या खाटेवरचे आजोबा, एक निवृत्त बसड्रायव्हर. ऑपरेशन उत्तम झालं होतं. मग छातीत हा जंतू उतरला आणि ते गेले. त्यांचा मुलगा मला दारात भेटला आणि विचारलं, “ऑपरेशन तर चांगलं झालं होतं ना?” मी हो म्हणाले. आणखी काय म्हणणार. काही आठवड्यांनी त्याच खाटेवर एक तरुण बाई. ती वाचली, पण ज्या शेवटच्या औषधानं वाचवलं त्यानंच तिच्या किडन्यांना चटका दिला. मग पाच नंबरवरचा एक.

आम्ही काही करायचं बाकी ठेवलं नाही. सगळ्यांच्या हातांचे नमुने घेतले, खाटा, पडदे, यंत्रांची बटणं, फोन, दाराच्या मुठी, सगळं तपासलं. सगळं स्वच्छ निघालं. मी तर नाकी नऊ आणले लोकांच्या. जंतू महिनाभर गप्प बसायचा, आम्हाला वाटायचं गेला, आणि मग परत चार नंबरच्या आसपास उगवायचा.

आमचे लॅबचे डॉक्टर इतकं हळू बोलतात की त्यांचं ऐकायला माणसाला वाकावं लागतं. ते एक दिवस म्हणाले की बेसिनच्या खालच्या पाइपातून नमुना घेऊ या. मी म्हटलं, गटारात जंतू सापडणार नाहीत तर काय सापडणार? ते हसले नाहीत. शेवटी नमुना घेतला, पण नाक मुरडूनच.

त्याच दिवशी संध्याकाळी वन्संच्या पोटात कळ आली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गॅस. सकाळपर्यंत त्या हिरव्यानिळ्या झाल्या होत्या. आतड्याला पीळ पडला होता, तातडीनं पोट उघडावं लागलं, थोडं आतडं काढावं लागलं. ऑपरेशननंतर आयसीयूत ठेवायचं ठरलं आणि आयसीयूत एकच खाट रिकामी होती.

चार नंबर.

दुसरीकडे हलवायला आसपास जागा नव्हती आणि त्यांना हलवणं धोक्याचं होतं. मी स्वतः उभी राहून ती खाट पुसून घेतली, गादी बदलली, पडदे बदलले, बेसिन तर इतकं घासून घेतलं की सफाईवाल्या मावशी म्हणाल्या, आता हे झिजेल. मग मी सगळ्यांना बजावलं की इथे येणाऱ्यानं हात धुतल्याशिवाय चादरीलाही बोट लावायचं नाही. मला वाटलं, एवढं केल्यावर काय बिशाद त्याची.

आणि लोकांनी ऐकलं. हातधुणीची नणंद म्हटल्यावर जो तो दोनदोनदा हात धुऊ लागला. येताना आणि जाताना, नळ पूर्ण सोडून. एरवी ज्यांच्यामागे मला काठी घेऊन फिरावं लागायचं, ते डॉक्टरसुद्धा माझ्याकडे बघत बघत साबण चोळायचे. मी लांबून पाहायची आणि मला बरं वाटायचं.

घशातली श्वासाची नळी काढली, वन्सं बोलायला लागल्या आणि पहिली तक्रार आली. चष्मा हवा, वर्तमानपत्र हवं, शब्दकोडं हवं. ते दिलं. मग दुसरी.

“अगं, तुमची माणसं हात धुतात की अंघोळ करतात? माझ्या चष्म्यावर शिंतोडे उडतात.”

मी त्यांना समजावलं की नळाचं पाणी आम्ही दर महिन्याला तपासतो, ते प्यायच्या पाण्याइतकं स्वच्छ आहे, आणि चार थेंब उडाल्यानं कुणी विरघळत नाही.

“मी नळाबद्दल बोलले नाही,” त्या म्हणाल्या. “मी शिंतोड्यांबद्दल बोलले.”

कोर्टातली सवय. मी त्यांचा चष्मा पुसून दिला आणि विषय संपवला. त्यांची तक्रार नसती तरच मला काळजी वाटली असती.

दोन दिवसांनी लॅबच्या डॉक्टरांनी बोलावलं. चार नंबरच्या बेसिनखाली पाणी साचून राहतं ना, त्या वाकड्या पाइपात, तिथे तोच जंतू होता. त्याच जातीचा, त्याच खुणांचा, आजोबांच्या छातीत होता तोच. मी म्हटलं, असणारच. पेशंटच्या अंगावरून हातावर, हातावरून बेसिनमध्ये, तिथून पाइपात. खाली जाणारी वस्तू खालीच सापडणार. ती वर कशी येईल?

“तोच प्रश्न आहे,” डॉक्टर म्हणाले. “वर कशी येते?”

मला चष्म्यावरचे शिंतोडे आठवले. नळाचं पाणी स्वच्छ होतं, ते मला पाठ होतं. पण शिंतोडे नळातून उडत नाहीत. नळाची धार जिथे आपटते तिथून ते उडतात. आणि आमच्या त्या सुंदर बेसिनांत धार सरळ खालच्या, त्या पाइपाच्या तोंडावरच्या जाळीवर आपटत होती.

वन्संना त्या दुपारी पोटाच्या स्कॅनसाठी खाली नेलं तेव्हा आम्ही चार नंबर ताब्यात घेतला. डॉक्टरांनी जाळीतून पाइपात एक रंग सोडला. साध्या उजेडात तो पाण्यासारखा, पण जांभळ्या दिव्याखाली हिरवा चमकणारा. खाटेवर नवी पांढरी चादर घातली, उशीला नवा अभ्रा घातला. मग त्यांनी मला हात धुवायला सांगितलं. मी जसे शिकवते तसेच धुतले, बोटांच्या बेचक्यांसकट, मनगटापर्यंत, नळ पूर्ण सोडून. खिडकीचे पडदे ओढले, दिवे बंद केले आणि डॉक्टरांनी तो दिवा लावला.

आधी माझ्या बाहीवर ठिपके दिसले. बेसिनच्या कडेवर तर सडाच पडला होता. शेजारच्या टेबलावर, जिथे सिस्टर औषधं भरतात त्या ट्रेवर होते. दिवा खाटेकडे वळला. चादरीवर ठिपके, उशीवर ठिपके, बरोबर जिथे डोकं टेकतं तिथे. आणि वन्संच्या चष्म्याच्या डबीवर तीन-चार मोठे थेंब, हिरवेगार.

मला आजोबांचा मुलगा दारात उभा दिसत होता. आणि मग, लाज वाटते सांगायला, तोही दिसेनासा झाला आणि फक्त ती डबी दिसत राहिली. माझ्याच भीतीनं लोक दोनदोनदा हात धुवत होते आणि प्रत्येक वेळी ते पाणी वन्संच्या तोंडावर उडत होतं. एवढ्या लोकांनी एवढ्या काळजीनं कुणाला धोक्यात घातलं नसेल.

पण एकट्या चार नंबरलाच का, हे ड्युटीवरच्या सिस्टरनं सांगितलं. चार नंबरचं बेसिन औषधाच्या टेबलाला लागून. नळीनं द्यायचा दुधासारखा आहार उरला की तो कचऱ्यात टाकला तर वास येतो, आणि मळकं पाणी टाकायची खोली पार टोकाला. म्हणून सगळे तो इथेच ओततात आणि वरून भरपूर पाणी सोडतात. मी कित्येकदा पाहिलं होतं आणि मनात शाबासकी दिली होती, काय टापटीप मुली आहेत म्हणून. संध्याकाळी प्लंबरनं पाइपाचा तो वाकडा तुकडा काढला तेव्हा आत भिंतीला चिकटलेला पांढरट, बुळबुळीत थर होता, घट्ट सायीसारखा.

“आपण याला रोज वेळेवर जेवू घातलं,” लॅबचे डॉक्टर म्हणाले. यावेळी वाकायची गरज पडली नाही, सगळे आधीच वाकून पाइपात बघत होते.

पाइप बदलून भागणार नव्हतं, कारण जंतू भिंतीतल्या नळीतही असणार आणि तिथून तो परत चढत वर येणार. मी आयसीयूच्या मुख्य डॉक्टरांकडे गेले आणि म्हटलं, खाटांजवळची सगळी बेसिनं काढून टाका. ते माझ्याकडे असं बघायला लागले की जणू मीच आजारी आहे. म्हणाले, “‘बेसिन नसलेली खाट म्हणजे दार नसलेलं घर.’ हे तुमचंच वाक्य आहे, सिस्टर. मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून म्हणाला होतात.”

“वाक्य छान होतं,” मी म्हणाले. “बेसिनं काढा.”

ते हो म्हणाले. दिवस मावळायच्या आत सगळ्या नळांवर पट्ट्या चिकटल्या, प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी हातावर चोळायच्या औषधाची बाटली लागली, आणि दाराजवळच्या जुन्या बेसिनला, जे खोल होतं आणि ज्याच्या नळाची धार जाळीच्या बाजूला पडायची, पुन्हा मान मिळाला. त्याचा पाइप बदलला आणि वर मी स्वतः पाटी लावली: इथे फक्त हात धुवा. कुणीतरी त्याच दिवशी तिथे चहाचा कप विसळला. मी त्याला सोडलं नाही.

वन्संना पलीकडच्या टोकाची खाट मिळाली. मी त्यांना कारण सांगितलं नाही. पोट शिवलेल्या बाईला कशाला सांगायचं की तू आठवडाभर कशाशेजारी झोपली होतीस. त्यांचे नमुने घेतले, घशातून आणि जिथून घ्यायचे तिथूनही. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, “आता तेही बघायचं राहिलं होतं वाटतं.” मी हसले. बाहेर येऊन मात्र मला हसू आवरून धरता आलं नाही आणि ते रडण्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना ताप चढला.

ताप ऑपरेशननंतर येतो. हे मी शेकडो नातेवाइकांना सांगितलेलं आहे, शांत आवाजात, खांद्यावर हात ठेवून. स्वतःला सांगायला गेले तर एक शब्द पटेना. रक्त तपासायला पाठवलं. नमुन्यांचे निकाल यायचे होते. मी खाटेजवळ उभी राहिले, त्या डोळे मिटून पडल्या होत्या, शब्दकोडं तसंच अर्धवट. उभा शब्द सहा अक्षरी, पाच भरलेली. एरवी त्यांनी तो अडलेला शब्द मला मुद्दाम विचारला असता आणि मी सांगितलेला चूक ठरवला असता. मला त्या भांडणाची इतकी भूक लागली की छातीत दुखायला लागलं. बाहेर बाकावर नवरा बसला होता. त्याच्या मांडीवर पावाचं पाकीट होतं. त्याला काय करावं ते सुचलं नव्हतं, तेव्हा त्यानं जे येतं ते केलं होतं.

मी त्याला सगळं सांगितलं. बेसिन मी बसवून घेतलं हेही. त्यानं पाकीट मांडीवरून बाकावर ठेवलं. मग म्हणाला, “तिला बरं होऊ दे. मग तूच सांग तिला.”

निकाल आला की लॅबमधून फोन येतो, ही पद्धत. त्या दिवशी मला कॉरिडॉरच्या टोकाला लॅबचे डॉक्टर स्वतः चालत येताना दिसले. चांगली बातमी द्यायला कुणी एवढे जिने चढत नाही. ते जवळ आले, काहीतरी पुटपुटले. मी म्हटलं, मोठ्यानं बोला. ते पुन्हा पुटपुटले.

“मोठ्यानं!” मी ओरडले.

“स्वच्छ आहे!” ते म्हणाले, इतक्या जोरात की आयसीयूच्या आतून माना वळल्या. त्यांनाही स्वतःच्या आवाजाचं आश्चर्य वाटलेलं दिसलं. सगळे नमुने स्वच्छ, त्यांच्यात तो जंतू कुठेच नाही. रक्तात सापडला तो अगदी साधा, सलाइनच्या सुईच्या जागेवरून शिरलेला. हात सुजलाच होता तिथे. “सगळ्यात साधं औषध चालेल. कपाटातलं पहिलं.”

माझा जीव भांड्यात पडला. मी मटकन बाकावर बसले. नवऱ्यानं पाकीट उघडून मला पाव दिला आणि मी तो कोरडाच खाल्ला. इतका चांगला पाव मी जन्मात खाल्लेला नाही. डॉक्टरांनाही एक दिला. त्यांनी आधी बाटलीतलं औषध हातावर चोळलं, मग घेतला.

ताप उतरला. आयसीयूत त्यानंतर तो जंतू कुणात सापडला नाही. आम्ही अजूनही दर आठवड्याला शोधतो आणि दर आठवड्याला न सापडल्याचा आनंद नव्यानं होतो. किडन्यांना चटका बसलेली ती तरुण बाई तपासणीला येते, आता औषधांवर भागतंय म्हणते. आजोबांच्या मुलाला मी बोलावून घेतलं आणि आमच्या मुख्य डॉक्टरांसमोर सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत राहिला. जाताना एवढंच म्हणाला की आता निदान कळलं.

वन्संना घरी सोडायच्या दिवशी त्यांनी आयसीयूतल्या सिस्टरांना भेटून जायचा हट्ट धरला. व्हीलचेअर नवरा ढकलत होता. चार नंबरपाशी त्यांनी हात वर केला. तिथे भिंतीवर नव्या फरश्या बसवल्या होत्या, जुन्यांपेक्षा थोड्या पिवळट.

“इथलं बेसिन कुठे गेलं?”

मी सांगितलं. सगळं, एका दमात, त्यांच्याकडे न बघता. कोणी बसवून घेतलं ते, पाइपातलं, रंगाचं, चष्म्याच्या डबीचं, तापाच्या वेळी काय वाटलं ते. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. उतरवून घेत असल्यासारख्या ऐकत होत्या.

“म्हणजे मी शिंतोडे म्हणाले,” त्या शेवटी म्हणाल्या, “आणि तू मला नळाच्या पाण्याचं सांगितलंस.”

“हो.”

“आणि मी तेव्हाच म्हणाले होते की मी नळाबद्दल बोलत नाहीये.”

“म्हणाला होतात.”

“मग?”

नवऱ्यानं व्हीलचेअरचा दांडा सोडला. त्याला आमचा हा सूर ओळखीचा आहे. तो दाराकडे दोन पावलं गेलासुद्धा.

“वन्सं,” मी म्हणाले, “तुमचं बरोबर होतं.”

“ऐकू नाही आलं.”

“तुमचं बरोबर होतं,” मी पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. मला ते दहादा म्हणायला लावलं असतं तरी चाललं असतं. ऐकायला त्या होत्या.

त्यांनी माझा हात धरला. सुजलेल्या हातानं, जमेल तेवढा घट्ट. मग दाराकडे वळून भावाला हाक मारली.

“थांब रे. पाव नको आणूस, आज भांडण नाहीये. घरी जाऊ या.”